सासूबाईंच्या मानेतली गाठ

मानसी, बी-३०४: घरातली गोष्ट ग्रुपवर टाकतेय, राग मानू नका. आईंच्या (सासूबाईंच्या) जबड्याखाली उजवीकडे बोराएवढी गाठ आलीय. महिना होत आला. दुखत अजिबात नाही, म्हणून त्या दवाखान्यात यायलाच तयार नाहीत. "दुखेल तेव्हा बघू" म्हणतात. कुणाला असा अनुभव आहे का?

प्रकाश काका, ए-१०१: अगं, वयोमानाने येतात अशा गाठी. माझ्या पाठीवर चरबीची आहे, १५ वर्षं झाली. चुना-हळदीचा लेप लावून बघ.

शुभांगी, सी-२०२: काका, लेप नको. आमच्या लेकीला मानेत अशीच न दुखणारी गाठ आली होती. ताप नाही, खोकला नाही. आम्ही दीड महिना लेपच लावत बसलो. शेवटी सुईची तपासणी केली तर गाठींचा टीबी निघाला. माझी आजी त्याला गंडमाळा म्हणायची. ६ महिने गोळ्या, सरकारी दवाखान्यातून फुकट. मध्येच गाठ वाढली तेव्हा जीव उडाला होता, पण डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडत असतानाही असं होतं, गोळ्या सोडायच्या नाहीत.

अमोल, डी-१०३: टीबी पसरतो ना पण?

शुभांगी, सी-२०२: फक्त गाठीत असेल तर शेजारच्याला होत नाही. फुप्फुसात असेल तर खोकल्यातून पसरतो. म्हणून छातीचा एक्स-रे काढला, तो चांगला आला. तेव्हा याच प्रश्नाच्या भीतीने कुणाला सांगितलं नव्हतं.

सिस्टर, ई-४०१: मानसी, मी ३१ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली ९ कान-नाक-घशाच्या. घसा, दाढ किंवा डोक्यातल्या फोडांमुळे अवधाण येतं ते बहुधा दुखतं आणि दोन-तीन आठवड्यांत उतरतं. न दुखणारी, महिना टिकलेली गाठ म्हटली की मला जास्त काळजी वाटते.

गळ्यात पुढे असेल आणि आवंढा गिळताना वर सरकत असेल तर थायरॉईड. त्यातल्या बहुतेक साध्या निघतात, तरी सोनोग्राफी करावीच लागते. काकांसारखी चरबीची गाठ मऊ असते, बोटाखाली सरकते. लिम्फोमाची, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कॅन्सरची, रबरासारखी लागते, सोबत कधी रात्रीचा घाम, वजन उतरणं. आणि चाळिशीपुढच्या माणसात टणक, आत चिकटून बसलेली गाठ ही तोंडातल्या किंवा घशातल्या कॅन्सरची पहिली खूण असू शकते. मूळ जागा इतकी बारीक असते की माणसाला पत्ता नसतो. नुसतं हात लावून कुणीच नक्की सांगू शकत नाही. आईंची हलते का? आणि त्या मिश्री लावतात का गं?

मानसी, बी-३०४: टणक आहे, फारशी हलत नाही. मिश्री ४० वर्षं, सकाळ-संध्याकाळ. गालात आतून पांढरा चट्टाही आहे. कवळी घासते म्हणतात.

सिस्टर, ई-४०१: मग पुढच्या आठवड्यावर ढकलू नकोस. टीबीही असू शकतो, साधीही असू शकते, पण बघायलाच हवं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना कवळी काढून सगळं तोंड दाखव. सोनोग्राफी, सुईची तपासणी, गरज वाटली तर चट्ट्याचा तुकडा काढतील. तोवर मेडिकलमधून काही आणून देऊ नकोस. स्टेरॉईडने लिम्फोमाची गाठ तात्पुरती बसते आणि निदान लांबतं.

प्रकाश काका, ए-१०१: सिस्टर, लेपाचं मी मागे घेतो. पण सुई टोचली की गाठ पसरते म्हणतात, त्याचं काय?

सिस्टर, ई-४०१: नाही काका, त्या भीतीने थांबू नये. अगदी बारीक सुई असते, पाच मिनिटांचं काम. सुईला घाबरून चार-चार महिने घरी बसलेली आणि मग गाठ फुटल्यावर आलेली माणसं मी पाहिलीत. लहान गाठ घेऊन आलेल्यांना आणि त्यांना डॉक्टर एकच उत्तर देऊ शकत नाहीत.

मानसी, बी-३०४: आईंना हे कसं सांगू? त्या ऐकतच नाहीत हो.

सिस्टर, ई-४०१: जेवणं झाली का? मी खाली येते. खोटं काही सांगू नकोस, मीच बोलते त्यांच्याशी.

मानसी, बी-३०४: सिस्टर आत्ताच गेल्या. आई तयार झाल्या, उद्या ९:३० ची वेळ मिळाली. आर्याची शाळा १२:३० ला सुटते, कुणी आणेल का?

प्रकाश काका, ए-१०१: मी आणतो. जेवायला आमच्याकडेच राहू दे तिला.