मदत हवी आहे : को-वर्किंगच्या पत्त्यावर जीएसटी नोंदणी अडकली आहे

वारणाकाठ
नमस्कार. सांगलीत विश्रामबाग भागातल्या एका को-वर्किंगमध्ये (अनेकांनी मिळून वापरायच्या कार्यालयात) मी मासिक भाड्याने जागा घेतली असून त्याच पत्त्यावर जीएसटी क्रमांकासाठी अर्ज केला होता. आता पत्त्याच्या पुराव्याबद्दल खात्याची विचारणा आली आहे. जागेच्या व्यवस्थापकांनी दिलेली सर्व कागदपत्रे जोडलेली असताना ही विचारणा का यावी, हे मला समजत नाही. असा अनुभव कोणाला आला असल्यास उत्तरात काय लिहिले, ते कृपया लवकर सांगावे, कारण मुदत संपत आली आहे. 'सीएला विचारा' एवढाच सल्ला असेल तर तो मला ठाऊक आहे.

खातेवही
'सर्व कागदपत्रे' म्हणजे नेमकी कोणती? आलेली विचारणा आरईजी-०३ (खात्याच्या विचारणेचा नमुना) असेल, तर तिला आरईजी-०४ (उत्तराचा नमुना) मधून कामकाजाच्या ७ दिवसांत उत्तर द्यावे लागते, त्यामुळे घाई योग्यच आहे. पण करार नोंदणीकृत आहे की साधा, वीजबिल कोणाच्या नावावर आहे, आपण वस्तू विकता की सेवा देता आणि नोंदणीसाठी घरचा पत्ता का दिला नाही, हे कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंधारात दगड मारणे होईल.

पेठेतला_वाचक
को-वर्किंगवर पैसे घालवण्याची मुळात गरजच काय? स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी आता तालुक्याच्या गावीही अभ्यासिका झाल्या आहेत. स्वतंत्र कप्पा, वायफाय, पिण्याचे पाणी आणि रात्री उशिरापर्यंत उघडे दार, हे सगळे बऱ्याच कमी पैशांत मिळते. नोकरी शोधत असताना माझे सगळे अर्ज मी अशाच एका अभ्यासिकेतून भरले.

दुसरी_पाळी
अर्ज भरण्यासाठी अभ्यासिका उत्तम आहे, हे मान्य. परंतु शेजारी राज्यसेवेची तयारी करणारा मुलगा बसलेला असताना तुम्ही तिथे ग्राहकाशी अर्धा तास व्हिडिओ कॉलवर बोलून दाखवा. माझे काम अमेरिकेच्या वेळेनुसार चालते, म्हणून मी जागा बघताना रात्री प्रवेश मिळतो का आणि इंटरनेटच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या आहेत का, हे आधी विचारतो. त्या दोन्ही जोडण्या एकाच खांबावरून येत असतील, तर रस्ता खोदल्यावर दोन्ही एकदमच बंद पडतात, हे मात्र कोणी सांगत नाही. जेवढा भर इन्व्हर्टरवर दिला जातो, तेवढा यावरही द्यायला हवा.

वारणाकाठ
इंटरनेट उत्तम आहे, मी त्याबद्दल विचारलेले नाही. खातेवही, मी डिझाइनची सेवा देतो. एक ग्राहक पुण्यातील कंपनी आहे आणि दुसरा परदेशी. घर भाड्याचे असून घरमालक संमतीपत्र द्यायला तयार नाहीत, त्यांना वाटते की त्यामुळे घरपट्टी व्यापारी दराने लागेल. अर्जासोबत मी को-वर्किंगच्या लेटरहेडवरील सदस्यत्वाचे पत्र, भाड्याची पावती आणि महावितरणचे बिल जोडले होते. बिल तिसऱ्याच एका व्यक्तीच्या नावावर आहे, ते बहुधा इमारतीचे मालक असावेत.

खातेवही
हे शेवटचे वाक्य पहिल्याच प्रतिसादात यायला हवे होते. तुम्हाला पत्र देणारे व्यवस्थापक स्वतःच भाडेकरू आहेत, म्हणून पत्रावरचे नाव आणि बिलावरचे नाव जुळत नाही, आणि अधिकाऱ्याने नेमके तेच विचारले असणार. मूळ मालकाचा व्यवस्थापकांशी झालेला करार, ज्यात जागा पुढे इतरांना वापरायला देण्याची परवानगी स्पष्ट लिहिलेली आहे, किंवा मूळ मालकाचे संमतीपत्र, आणि त्यासोबत व्यवस्थापकांचा तुमच्याशी झालेला करार, अशी अखंड साखळी उत्तरात दिसली पाहिजे. जीएसटीचे काम पाहणाऱ्या केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचनेनुसार भाडेकरार नोंदणीकृत असेल तर जागा देणाऱ्याच्या ओळखपत्राचा आग्रह धरायचा नसतो, नोंदणीकृत नसेल तर मात्र ते जोडावे लागते. सदस्यत्वाचे पत्र म्हणजे भाडेकरार नव्हे.

मुक्काम_पुणे
एवढा खटाटोप कशासाठी? पुण्यात व्हर्च्युअल ऑफिस, म्हणजे प्रत्यक्ष न बसता फक्त पत्ता भाड्याने घ्या, करार, संमतीपत्र आणि बिल असा तयार संच मिळतो. राज्य एकच असल्याने नोंदणीही चालते. माझी तशीच आहे आणि आजवर कोणीही पाहणीला आलेले नाही.

मोकळी_खुर्ची
आजवर कोणी आले नाही, याचा अर्थ येणार नाही असा होत नाही. जीएसटीच्या नियम १८ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्र व्यवसायाच्या मुख्य ठिकाणी लावायचे असते आणि प्रवेशद्वारावरील फलकावर जीएसटी क्रमांक असावा लागतो. काम सांगलीत आणि पाटी पुण्यात, हे अधिकाऱ्याला कसे पटवून देणार?

नाशिकमध्ये मी स्वतः अशी जागा चालवतो, त्यामुळे व्यवस्थापकांची बाजूही सांगतो. महिन्या-दोन महिन्यांसाठी येणाऱ्याला आम्ही खुर्ची, टेबल आणि इंटरनेट 'सेवा' म्हणून देतो, तिच्यावर १८ टक्के जीएसटी लावतो आणि कागद सदस्यत्वाचा करतो. लिव्ह अँड लायसन्स करार केला, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी जागा देणाऱ्याची असते. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के म्हणजे फार नाही, शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये आहे, पण खरी भीती खर्चाची नाहीच. सदस्य निघून जातो, त्याचा जीएसटीचा पत्ता मात्र आमच्याच दारावर राहतो आणि त्याच्या नावाच्या नोटिसा आम्हाला स्वीकाराव्या लागतात. म्हणून अकरा महिन्यांची हमी देणाऱ्यालाच मी पत्ता वापरू देतो, ठरावीक क्रमांकाची जागा नेमून देतो आणि करार संपताना पत्ता बदलल्याचा पुरावा मिळेपर्यंत अनामत परत करत नाही. यावरून लोक रागावतात, तरीही हा नियम मी सोडलेला नाही.

दुसरी_पाळी
सेवा देणाऱ्याला आपल्याकडे वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, परराज्यातील ग्राहक असला तरीही नाही. मग हा अर्ज कशासाठी? मीही नोंदणी केलेली नाही.

खातेवही
त्या २० लाखांत परदेशी ग्राहकाकडून येणारी रक्कमही मोजली जाते, हे आपण लक्षात घेतले असेलच.

दुसरी_पाळी
निर्यातीवर कर शून्य आहे.

खातेवही
कर शून्य असला तरी उलाढाल शून्य होत नाही.

वारणाकाठ
माझी उलाढाल मर्यादेच्या आतच आहे. परंतु पुण्यातील कंपनीच्या पुरवठादार यादीत जीएसटी क्रमांकाशिवाय माझे नावच चढत नाही, म्हणून मी स्वेच्छेने नोंदणी करत आहे. आज व्यवस्थापकांशी बोललो. मूळ मालकाशी झालेला करार दाखवायला ते तयार आहेत, पण त्यातील भाड्याची रक्कम मला दिसू नये असे त्यांना वाटते. रक्कम झाकलेली प्रत जोडली तर चालेल का?

मोकळी_खुर्ची
मी त्यांच्या जागी असतो तर मलाही तसेच वाटले असते. त्यापेक्षा मालकांकडून साध्या कागदावर संमतीपत्र आणि त्यांचे ओळखपत्र घ्या. त्यात तुमच्या जागेचा क्रमांक आणि मजला आवर्जून लिहून घ्या, नाहीतर पाहणीला आलेला माणूस दहा टेबलांमध्ये तुमचे टेबल शोधत बसेल.

खातेवही
झाकलेली प्रत देऊ नये, तिच्यामुळे नवी शंका निर्माण होते. संमतीपत्र मिळाले तर व्यवस्थापकांशी रीतसर करार करून दोन्ही कागद एकत्र जोडा. मुदतीत काहीच जमले नाही आणि अर्ज फेटाळला गेला, तरी पूर्ण कागदांसह नव्याने अर्ज करता येतो आणि सरकारी संकेतस्थळावर त्यासाठी शुल्क नाही. क्रमांक मिळाल्यावर खुर्चीच्या भाड्यावरील १८ टक्क्यांचे इनपुट टॅक्स क्रेडिट (भरलेल्या कराची आपल्या करातून वजावट) घेता येईल, मात्र काम नसलेल्या काळातही विवरणपत्र भरावेच लागेल.

वारणाकाठ
मालक मिरजेला राहतात. संध्याकाळी संमतीपत्राचा मसुदा घेऊन जातो.

पेठेतला_वाचक
त्या जागेत अर्ध्या दिवसाचा दर आहे का? भाच्याची गुरुवारी ऑनलाइन मुलाखत आहे आणि अभ्यासिकेत बोलता येत नाही.