विषय: संत अँब्रोझ आणि सम्राट थिओडोशियस

मिलानचे बिशप संत अँब्रोझ यांनी रोमन सम्राट थिओडोशियसला चर्चच्या दारातच अडवले, हा या चर्चेत आधी सांगितला गेलेला प्रसंग मनावर ठसणारा आहे खरा. पण त्याचे असे नाट्यमय वर्णन ५व्या शतकातील इतिहासकार थिओडोरेट याचे आहे. स्वतः अँब्रोझ यांनी ३९० मध्ये थेस्सालोनिका शहरात सम्राटाच्या सैनिकांनी केलेल्या नागरिकांच्या कत्तलीनंतर सम्राटाला स्वहस्ते खासगी पत्र लिहिले आणि आपण उपस्थित असाल तर वेदीवर अर्पणविधी करण्याचे धाडस मला होणार नाही, असे आदर राखून पण स्पष्टपणे कळवले. मला तर हे पत्रच अधिक धैर्याचे वाटते. सम्राटाने पुढे जाहीर प्रायश्चित्त घेतले, यात शंका नाही.

अँब्रोझ यांच्या कार्याची एक बाजू मात्र या चर्चेत आलेलीच नाही. ३७८ मध्ये एड्रियानोपलच्या लढाईत गॉथ या जर्मानिक टोळ्यांनी रोमन सैन्याचा धुव्वा उडवला, त्या काळात बंदिवान झालेल्यांना खंडणी भरून सोडवण्यासाठी अँब्रोझ यांनी चर्चची मौल्यवान पात्रे वितळवली. त्यांचे विरोधक असलेल्या एरियन पंथीयांनी (येशूला पित्यासमान देव न मानणाऱ्या ख्रिस्ती गटाने) त्यावर टीकेची झोड उठवली, तेव्हा धर्मसेवकांच्या कर्तव्यांवरील आपल्या ग्रंथात त्यांनी उत्तर दिले की, चर्चजवळचे सोने साठवण्यासाठी नसून गरजवंतांसाठी खर्चण्यासाठी आहे. तेथे त्यांनी पद्धतही सांगितली आहे: आधी अभिषेक न झालेली पात्रे शोधावीत, ती फोडावीत, मग वितळवावीत, पवित्र प्याला प्याल्याच्या रूपात चर्चबाहेर जाऊ नये, कारण त्याचा भलताच वापर होऊ शकतो.