मध्यमा पूर्ण: शास्त्राच्या लेखी पेपरसाठी गाइड सुचवा (बजेट ३०० रु.)

सांजसूर:
नमस्कार मंडळी. वय ४३, विषय गायन. यंदा गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण ही संगीत परीक्षा देतेय. गायची भीती नाही, लेखीची आहे. सराव पेपरात बाईंनी तीन ठिकाणी लाल रेघा ओढल्या: रागांची तुलना, तिगुण (तालाचे बोल तिप्पट वेगात) लिहिणं आणि बंदिशीचं स्वरलेखन. ३०० रुपयांच्या आत एखादं गाइड सांगा. क्लास नकोय, नोकरीतून जमत नाही.

खर्जातला:
क्लासच लावा. लेकीला ऑनलाइन लावला, महिना २५००. पहिल्या श्रेणीत आली. तानपुरा मशीनही घेऊन टाका, आमचं नऊ हजारांचं आहे, सूर काय लागतो!

साबुदाणावडा:
लेखी पेपरला तानपुरा मशीन? 😀

नापास_पण_खूश:
गाइडनेच घात केला माझा. भूपाळी-देशकारची तुलना आली, तर दोन्हींचे आरोह-अवरोह पाठ करून तेवढेच लिहून आलो. दोन्हीकडे सा रे ग प ध! वाचणाऱ्याला एकच राग दोनदा दिसला असणार. भूपाळीत वादी (मुख्य स्वर) ग, संवादी (त्याखालोखालचा) ध. देशकारात नेमकं उलट. म्हणून भूपाळी पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) रमतो, देशकार उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात). एक रात्रीचा, एक सकाळचा. थाट (रागांचे मूळ गट) कल्याण आणि बिलावल. हे लिहायचं होतं.

मींडवाला:
थाटाचं काय कौतुक! आमचे गुरुजी थाट मानतच नसत. दहा खोक्यांत सगळे राग कोंबायचे म्हणजे...

नापास_पण_खूश:
गुरुजी पेपर तपासायला येणार आहेत का?

मींडवाला:
तुमचा आयडी वाचला, त्यामुळे पुढे बोलत नाही.

डग्गा_फुटला:
भांडून झालं असेल तर तिगुणाकडे वळू. सगळे पहिल्या मात्रेपासून (ठोक्यापासून) तिगुण लिहीत सुटतात आणि सम (पुढच्या फेरीची पहिली मात्रा) हुकते. झपतालाच्या १० मात्रा, १० बोल, तिगुणात एका मात्रेत तीन, म्हणजे तीन मात्रा आणि वर एक बोल. समेवर यायचं तर सातव्या मात्रेच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात उठायचं:
७: ऽऽधी, ८: नाधीधी, ९: नातीना, १०: धीधीना, मग सम. (ऽ म्हणजे रिकामा हिस्सा.)
हाताने टाळी देत म्हणा आणि मगच लिहा. गाइडात छापलेलं पाठ करू नका, ताल बदलला की बोंब.

खर्जातला:
आमच्या क्लासमध्ये हेच शिकवतात.

वाशीची_वहिनी:
क्लासला +१. आणि स्वरलेखनात भातखंडे आणि पलुसकर या दोन लिप्यांची सरमिसळ करू नका. भातखंड्यांत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार (वरचं सप्तक), पलुसकरांत तेच टिंब म्हणजे मंद्र (खालचं). माझा अख्खा अंतरा खर्जात गेला होता. भातखंडेच घ्या, सोपी.

साबुदाणावडा:
भातखंडे +१

डग्गा_फुटला:
भातखंडे. समेला ×, खालीला (टाळी नसलेल्या जागेला) ०, डोक्याला ताप नाही.

सांजसूर:
सगळ्यांचे आभार. तिगुण आज स्वयंपाक करताना टाळी देऊन म्हटला, पोळी करपली पण सम सापडली. गाइड काही घेत नाही. माळ्यावर आईच्या परीक्षेच्या वह्या सापडल्या, सगळं पलुसकर लिपीत, शाईने. भातखंडे म्हणताय सगळे, पण मी त्याच वापरणार. अक्षर ओळखीचं आहे.

वाशीची_वहिनी:
बघा बाई. टिंबं सांभाळा.

खर्जातला:
मशीनची लिंक हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.