चिरल शुद्धतेच्या चाचणीसाठी एसएफसी खरोखर हरित ठरते का?

प्रश्न
आमच्याकडे एका औषधी घटकाची चिरल शुद्धता (एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असलेल्या दोन रूपांपैकी, म्हणजे एनॅन्शिओमरांपैकी, नको असलेले किती मिसळले आहे) नॉर्मल फेज एचपीएलसीने, म्हणजे सेंद्रिय द्रावकांवर चालणाऱ्या द्रव क्रोमॅटोग्राफीने, तपासली जाते. मोबाइल फेज (नमुना कॉलममधून वाहून नेणारे द्रावक) हेक्झेन आणि आयसोप्रोपेनॉल ९०:१०, प्रवाह मिनिटाला १ मिली, रन २० मिनिटांचा. ही चाचणी सुपरक्रिटिकल फ्लुइड क्रोमॅटोग्राफीवर (एसएफसी, जिथे मुख्य वाहक दाबाखालील कार्बन डायऑक्साइड असतो) न्यावी असा प्रस्ताव मी मांडला. परंतु ज्या वायूमुळे तापमानवाढ होते तोच वापरणाऱ्या पद्धतीला हरित कसे म्हणायचे, या वरिष्ठांच्या शंकेचे उत्तर मला देता आले नाही.

उत्तर १
या कामासाठी मिळणारा कार्बन डायऑक्साइड बहुधा अमोनियानिर्मिती किंवा किण्वन यांतून उपउत्पादन म्हणून गोळा केलेला असतो, म्हणजे तो चाचणीसाठी मुद्दाम निर्माण केलेला नसतो. खरा फरक द्रावकात आहे. आपल्या एका रनमध्ये १८ मिली हेक्झेन आणि २ मिली आयसोप्रोपेनॉल खर्च होते. एसएफसीवर मिनिटाला ३ मिली प्रवाह, २० टक्के मिथेनॉल आणि ५ मिनिटांचा रन धरला, तर ३ मिली मिथेनॉल पुरते, आणि मज्जातंतूंना अपायकारक असलेले हेक्झेन पूर्णपणे टळते. हा वेग शक्य होतो तो या द्रायूची (प्रवाही पदार्थाची) चिकटपणाची पातळी कमी आणि विसरण जलद असल्यामुळे. कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू (ज्यापलीकडे द्रव आणि वायू हा भेद उरत नाही, म्हणजे पदार्थ सुपरक्रिटिकल होतो) ३१.१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७४ बार आहे. अर्थात इतके मिथेनॉल मिसळल्यावर मिश्रण काटेकोर अर्थाने सुपरक्रिटिकल राहीलच असे नाही. नाव मात्र तेच टिकले आहे.

उत्तर २
वरील हिशेब मला मान्य आहे, पण तो अपुरा आहे. द्रवरूप कार्बन डायऑक्साइड पंपात राहावा म्हणून पंपाचे हेड थंड ठेवावे लागते, आणि त्या विजेचा विचार हिशेबात क्वचितच होतो. शिवाय बॅक प्रेशर रेग्युलेटरमुळे (यंत्रणेतला दाब टिकवणाऱ्या झडपेमुळे) दाबात होणारे सूक्ष्म चढउतार यूव्ही डिटेक्टरच्या बेसलाइनवर उमटतात, त्यामुळे ०.१ टक्के अनावश्यक एनॅन्शिओमर मोजायचा असेल तर संवेदनशीलता आधी तपासून घ्यावी. नमुना मिथेनॉलमध्ये विरघळवून मोठे इंजेक्शन दिल्यास पीक (आलेखावर घटक दाखवणारे शिखर) पसरतो, हेही अनेकांच्या उशिरा लक्षात येते.

प्रश्नकर्ता
हेक्झेनमध्ये वापरलेला पॉलिसॅकराइडचा (दोन एनॅन्शिओमर वेगळे करणारा) कॉलमच एसएफसीला चालेल का?

उत्तर १
चालतो, परंतु हेक्झेन आणि मिथेनॉल एकमेकांत पूर्णपणे मिसळत नसल्याने मधे आयसोप्रोपेनॉलने कमी प्रवाहावर तो नीट धुऊन घ्यावा. पद्धत बदलल्यावर दोन एनॅन्शिओमरांचा बाहेर पडण्याचा क्रम उलटू शकतो. अल्प प्रमाणातील एनॅन्शिओमर मुख्य पीकच्या आधी येईल असा कॉलम निवडावा, अन्यथा तो मुख्य पीकच्या शेपटीत दडतो. वैधतेचा अभ्यास तर नव्याने करावा लागेलच.