जुना ड्रॅक्युला परत बघितलात का? तेव्हाचा आणि आताचा अनुभव सांगा

गेल्या शनिवारी बघायला काहीच नव्हतं म्हणून 'ड्रॅक्युला ए.डी. १९७२' लावला. ब्रिटिश हॅमर फिल्म कंपनीचा, ली ड्रॅक्युला आणि पीटर कुशिंग त्याचा शिकारी व्हॅन हेलसिंग, म्हणजे क्रिस्टोफर ली आणि कुशिंगवाला. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी सहावीत, कल्याणला चाळीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायचे, एका रात्रीत तीन पिक्चर, त्यातला तिसरा हा कुणी निवडला देव जाणे कारण इंग्रजी एकालाही कळत नव्हतं. पण सुरुवात जशीच्या तशी लक्षात होती. १८७२ सालचा लंडनचा हाइड पार्क, घोडागाडी सुसाट सुटलेली, टपावर ड्रॅक्युला आणि व्हॅन हेलसिंगची मारामारी, गाडी आपटते आणि चाकाचा मोडका आरा ड्रॅक्युलाच्या छातीत. पंधरा दिवस रात्री एकटा नळावर गेलो नव्हतो.

आता पंचेचाळिशीत बघितला, शेजारी नववीतली मुलगी. ती हसून हसून सोफ्यावरून पडायची बाकी होती. १८७२ चं दफन संपतं, कॅमेरा वर आभाळात जातो आणि तिथून चक्क जेट विमान, मग आधुनिक लंडन आणि मागे दणक्यात ब्रास सुरू. मग ती हिप्पी पोरं कुणाच्यातरी बड्या घरच्या पार्टीत घुसून धिंगाणा घालतात आणि त्यांची भाषा अशी की एखाद्या काकांनी कॉलेजच्या पोरांचं बोलणं बसस्टॉपवर ऐकून उतरवून घेतलंय. लिहिणारा डॉन हॉटन तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता म्हणे, म्हणजे अंदाज बरोबरच. पण मुलगी एका जागी गप्प झाली, ते नंतर सांगतो. आधी तुम्ही लिहा. हाच पाहिजे असं नाही, सत्तरच्या दशकातला कुठलाही ब्रिटिश रक्तपिपासू चालेल. नुसतं +१ नको.

*

मी परत बघितला आणि हिशोब करत बसलो, सवय वाईट आहे. हॅमरच्या १९५८ च्या पहिल्या ड्रॅक्युला पिक्चरमध्ये त्याच्या किल्ल्यावर जाणाऱ्या हार्करच्या डायरीवर १८८५ साल आहे. आणि इथे ड्रॅक्युला आणि व्हॅन हेलसिंग दोघंही १८७२ मध्येच मेलेत (१९७२ मधला कुशिंग म्हणजे त्या व्हॅन हेलसिंगचा वंशज). मग तेरा वर्षांनी तिथे गेला कोण? शंभर वर्षांचा गोल आकडा पाहिजे म्हणून बिनधास्त उडवलंय.

दुसरी तक्रार मोठी आहे. ड्रॅक्युलाला तुम्ही १९७२ च्या लंडनमध्ये आणता, डिस्को, मोटारी, मिनीस्कर्ट सगळं तयार, आणि तो बाबा त्या पडक्या चर्चच्या बाहेरच पडत नाही! एकदा तरी बसमध्ये बसवायचा. शिकार त्याला जागेवर पोचवली जाते, आपण जेवण मागवतो तशी. ली ह्या भूमिकेला वैतागला होता हे त्याने स्वतः कित्येकदा बोलून दाखवलंय, आणि १९७३ च्या पुढच्या भागानंतर हॅमरसाठी परत ड्रॅक्युला केला नाही. बघताना ते जाणवतं पण गंमत म्हणजे तो वैताग त्या पात्राला शोभून दिसतो, शंभर वर्षांनी उठवलं ते ह्या येड्या पोरांसाठी का, असा चेहरा.

*

मी लंडनला नऊ वर्षं आहे. हा इथे नवऱ्यासोबत बघितला आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम किंग्ज रोडला गेलो, ती सगळी टोळी चेल्सीतली दाखवलीय ना. आता तिथे महागडी दुकानं आणि बाबागाड्या, हिप्पी औषधालाही नाही. परत येताना अल्बर्ट हॉलसमोरच्या रस्त्याची पाटी वाचली, केन्सिंग्टन गोअर. ब्रिटिश नाटक-सिनेमावाले खोट्या रक्ताला हेच नाव वापरायचे, कारण इंग्रजीत गोअर म्हणजे सांडलेलं रक्त, मूळ रस्ता मात्र अगदी सज्जन. आणि पाच मिनिटं चाललं की हाइड पार्क, जिथे ती घोडागाडी आपटते. मी तिथे उभी राहून फोटो काढला, नवरा म्हणाला तू इथे राणीचा राजवाडा बघायला एवढी उत्साहाने आली नव्हतीस.

रक्ताचा रंग मात्र बघा हं, पोस्टाच्या पेटीसारखा लालभडक. तरी इथे त्याला एक्स सर्टिफिकेट होतं, म्हणजे १९७० पासून अठराच्या आत प्रवेश नाही.

*

जॉनी अलुकार्ड!!! म्हणजे त्या टोळीतला, ड्रॅक्युलाला परत उठवणारा पोरगा. नाव ऐकून माझ्या भाच्याने अर्ध्या मिनिटात इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचून ड्रॅक्युला करून दाखवलं आणि तो पीटर कुशिंग, एवढा प्रोफेसर माणूस, कागदावर दोन्ही नावं लिहून एकेका अक्षराला रेघा जोडत बसतो 😂 पण तो जॉनी मरतो कसा ते विसरला होतात का कुणी? बाथटबात. शॉवर सुरू होतो आणि वाहत्या पाण्याने खलास. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, आम्हाला धोका जास्त.

*

माझा पहिला व्हॅम्पायर ली नव्हे, रामसे बंधूंच्या 'बंद दरवाजा'तला नेवला. १९९० चा पिक्चर, मी बघितला व्हिडिओ पार्लरमध्ये. हॅमरचे पिक्चर फार नंतर बघितले आणि तेव्हा कळलं की ती काळी केप, ते लाल डोळे, ती शवपेटी, सगळं कुठून आलं. त्यामुळे माझं उलटं झालंय, मला ओरिजिनल बघताना कॉपी आठवते आणि मधेच गाणं का येत नाही असं वाटत राहतं.

आमची आजी (गुहागरकडची) एकदा मागे बसून अर्धा ड्रॅक्युला बघत होती. तिला शंका अशी की ह्याला आपण घरात ये म्हटल्याशिवाय येता येत नाही, मग घाबरायचं कशाला, नको म्हणायचं. आमचा मुंजा काय विचारून येतो? नंतर म्हणाली दिवसा झोपतो नि रात्री उठून खातो, त्यात भुताचं काय, आपला बंड्या काय करतो. बंड्या म्हणजे मी.

*

सगळे हसताय, मीही हसलो, पण मला कुशिंगबद्दल लिहायचंय. त्याची बायको हेलन जानेवारी १९७१ मध्ये गेली आणि त्याच वर्षी शरद ऋतूत ह्याचं शूटिंग झालं. मूळ स्क्रिप्टमध्ये तो जेसिकाचा, म्हणजे त्या टोळीतल्या व्हॅन हेलसिंग घराण्यातल्या पोरीचा, बाप होता. पण तेवढ्या महिन्यांत माणूस इतका खंगला की बाप शोभेना, म्हणून आजोबा केलं. वय अठ्ठावन्न फक्त.

हे मला आधी माहीत नव्हतं. आई गेल्यावर बाबांचं असंच झालं होतं, वजन वगैरे आम्ही कुणी मोजलं नाही पण शर्टाच्या कॉलरी एकदम मोठ्या वाटायला लागल्या, बटण लावलं तरी आत दोन बोटं जातील एवढी जागा. पिक्चरमध्ये कुशिंगचे गाल बघा. नातीला शोधत तो रात्री रस्त्याने पळतो ना, ते बघून मी पॉज करून पाणी प्यायलो. बाकी सगळे पोशाख घालून नाटक करतायत आणि हा एकटा माणूस सगळं खरंच चाललंय असं समजून वागतोय. ड्रॅक्युलावर त्याचा विश्वास आहे म्हणून आपला बसतो. मला भीती वाटली ती एवढीच की ही पोरगी पण गेली तर ह्याच्याकडे राहील कोण.

*

धागाकर्ता परत आलोय. वरचं वाचून थांबलो जरा, कारण माझी मुलगी गप्प झाली ती नेमकी तिथेच. हसणं थांबवून म्हणाली, बाबा हे आजोबा आजारी आहेत का? मी तेव्हा म्हटलं नाही गं, मेकअप असेल. काल तिला खरं सांगितलं. मग तिने शेवटचा सीन परत लावायला सांगितला, तो कब्रस्तानातला, खाली खुंट्यांचा खड्डा आणि कुशिंग ड्रॅक्युलाच्या तोंडावर पवित्र पाणी फेकतो तो. ह्या वेळी हसली नाही, फक्त म्हणाली फावडं किती जड असेल त्यांना.

हिशोबवाल्या भाऊंना, १८८५ चा घोळ बरोबर आहे, माफ करून टाका. लंडनवाल्या ताईंनी तो फोटो टाकावा. आणि आजीचे आणखी किस्से असतील तर प्लीज लिहा, बंड्या.

पुढच्या शनिवारी १९७३ चा 'सटॅनिक राइट्स' बघणार आहोत, त्यात तरी ड्रॅक्युला चर्चबाहेर पडतो, तिथे नात म्हणून जोआना लम्ली आहे आणि ड्रॅक्युलाला मारतात काटेरी झुडपात अडकवून. मुलीने आधीच विचारून ठेवलंय, आजोबा आहेत ना त्यात. आहेत म्हटलं.