शशी : स्त्रीलिंगी नसलेली ‘ई’ आणि काळ्या मानेचा ससा

प्रश्न : ‘शश’ म्हणजे ससा, तर ‘शशी’ म्हणजे सशाची मादी का नव्हे?

उत्तर : शंका रास्त आहे, कारण ‘ई’ दिसली की मराठी माणसाला आधी स्त्रीलिंगच आठवते. येथे मात्र मूळ शब्द ‘शशिन्’ असा असून त्याचा अर्थ ‘ज्याच्या ठायी ससा आहे तो’, म्हणजे सशासारखा डाग मिरवणारा चंद्र, असा होतो. अकारान्त शब्दांना ‘असलेला’ या अर्थी इन् हा प्रत्यय लागतो, हे पाणिनीने ‘अत इनिठनौ’ (५.२.११५) या सूत्रात सांगितले आहे. पक्ष असलेला तो पक्षी, केसर म्हणजे आयाळ असलेला तो केसरी, आणि हस्त म्हणजे सोंड असलेला तो हस्तिन्, ज्याचा पुढे आपला हत्ती झाला. या सर्वांत अवयवावरून प्राण्याला नाव मिळाले; ‘शशी’त मात्र अख्खा प्राणीच दुसऱ्याची खूण होऊन बसला आहे.

गंमत अशी की, आपल्या रानातल्या सशाच्या शास्त्रीय नावातही हीच ‘असलेला’ची युक्ती आहे. १८२३ साली त्याला ‘लेपस नायग्रिकॉलिस’ हे नाव मिळाले. लॅटिनमध्ये मान म्हणजे ‘कॉलम’. समासात त्याचे ‘कॉलिस’ झाले की अर्थ ‘मान असलेला’ असा होतो, आणि त्याच्याआधी काळ्या रंगाचा शब्द जोडल्यावर ‘काळ्या मानेचा’ हे विशेषण तयार होते. संस्कृतला अशा बहुव्रीहीसाठी, म्हणजे ‘अमुक असलेला’ असा अर्थ देणाऱ्या समासासाठी, निराळा प्रत्यय लावावा लागत नाही. ‘नीलकंठ’ आणि ‘शशांक’ हे शब्द त्याच्यावाचूनच उभे राहतात. म्हणजे एकाच चंद्राला ‘शशी’ हे नाव प्रत्ययाने दिले, तर ‘शशांक’ हे समासाने.

उपप्रश्न : मग ‘शशिकांत’मध्ये ‘शि’ ऱ्हस्व का?

उत्तर : संस्कृत समासात ‘शशिन्’मधला न् गळतो आणि ‘शशि’ उरते, विशेषनाम तसेच्या तसे आल्यामुळे ते ऱ्हस्व राहिले. एरवी मराठीच्या लेखननियमांप्रमाणे असे शब्द समासाच्या पूर्वपदीही दीर्घान्तच लिहायचे असतात, म्हणून आपण ‘पक्षीमित्र’ आणि ‘विद्यार्थीमंडळ’ असे लिहितो.