सुटीवर आलेले वडील: शिस्त आधी की ओळख?

फौजीची लेक:
‘वडिलांनी सुटीच्या पहिल्या दिवसापासून मुलांना शिस्त लावावी, नाते आपोआप जुळते’ हा येथील सल्ला वाचून गप्प बसवेना. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा असते, म्हणजे उरलेले नऊ महिने घर वडिलांवाचूनच चालते. माझे वडील काश्मीरहून आले तेव्हा मी चार वर्षांची होते. त्याच रात्री माझे अंथरूण आईजवळून उचलून आजीच्या खोलीत गेले आणि तिसऱ्या दिवशी पाढ्यांवरून त्यांनी आवाज चढवला. पुढे बुटांचा आवाज आला की मी दाराआड जाई. आमचे जुळले ते पुढच्या सुटीत, रोज सकाळी ते मला सायकलवर बसवून दूध आणायला नेऊ लागले तेव्हा.

निवृत्त सुभेदार:
सियाचीनच्या चौकीवर तीन महिने काढून आलेल्या माणसाने घरीही परीक्षाच द्यायची काय? खरा दोष कुटुंब गावी ठेवण्याच्या हट्टाचा आहे. पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत तैनातीच्या ठिकाणी, कुटुंबासाठी क्वार्टर मिळते. तेथे नेलेली मुले परकी होत नाहीत.

साताऱ्याची सून:
हट्ट? क्वार्टरसाठी आधी वाट पाहायची आणि घडी बसते न बसते तोच बदलीचा हुकूम यायचा! माझ्या थोरल्याने दहावीपर्यंत पाच शाळा पाहिल्या, पंजाबात गुरुमुखी गिरवली, आणि आज त्याला आजोबांचे मराठी पत्र वाचता येत नाही. इतके करूनही त्याचे वडील महिनोन्महिने सरावासाठी बाहेरच असत. एक नाते सांधताना दुसरे उसवले, त्याचा हिशेब कोण देणार?

निवृत्त सुभेदार:
पत्र वाचता येत नाही, हा दोष फौजेचा नव्हे. घरी मराठी शिकवायला कोणी अडवले होते?

साताऱ्याची सून:
आपण शिकवली होती काय? की तेही आपल्या सौभाग्यवतींनीच केले?

गावकरी:
भांडण क्वार्टरवर गेले, म्हणून मूळ मुद्द्याकडे येतो. आमच्या सातारा जिल्ह्यातील अपशिंगे मिलिटरी या गावातून पहिल्या महायुद्धात 46 जवान कामी आले. पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी फौजी असलेल्या अशा गावात वडील घरी नसण्याचे मुलाला नवल वाटत नाही, हे खरे. परंतु नवल न वाटणे म्हणजे ओळख असणे नव्हे.

निवृत्त सुभेदार:
सायकलचे मान्य करतो. माझा मुलगा आज नोकरीला आहे. त्याचा फोन मी उचलला तर ‘आईला द्या’ एवढेच म्हणतो. मात्र क्वार्टरबाबत माझे मत बदललेले नाही.